टाइमशेअर विकायचाय, तोही लगेच

नमस्कार. आम्ही २०१८ मध्ये एका रिसॉर्ट कंपनीची पंचवीस वर्षांची मेंबरशिप, म्हणजे टाइमशेअर, घेतली. सव्वाचार लाख रुपये, वन बेडरूम, वर्षाला सात रात्री. हप्ते केव्हाच फिटले. सुरुवातीची वर्षं छान गेली. महाबळेश्वर, गोवा, मुन्नार झालं. गेल्या दिवाळीनंतर ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात अजून सावरलेला नाही, नोकरी सुटली, धाकट्याचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष बाकी आहे. मेंबरशिपचं वार्षिक शुल्क १९,००० अधिक जीएसटी, यंदाचं भरलेलं नाही. न वापरलेल्या अकरा रात्री खात्यात शिल्लक आहेत. मला ती लवकरात लवकर विकायची आहे. परवा दिल्लीहून एकाचा फोन आला. आमचा मेंबरशिप नंबर त्याला पाठ होता. ३ लाख ८० हजारांचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसी आणि जीएसटीचे १८,५०० आधी भरा, ते नंतर परत मिळतात, म्हणाला. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. दुसरीकडे आमचे व्याही म्हणतात, आम्हीच घेतो, एक लाख देतो. त्यांना देणं बरं दिसेल का? ह्यांच्यापाशी विषय काढला की चिडतात, ‘मी बरा होईन, मग जाऊ’ म्हणतात. दिरांचे पैसे मागे पॅनकार्ड क्लबमध्ये अडकले, त्यामुळे जास्तच धास्ती वाटते.
– एक वाचक, नाशिक

ताई, शुक्रवारची वाट पाहू नका. त्या दिल्लीच्या माणसाचा नंबर आजच ब्लॉक करा. फारच राहवत नसेल तर आधी एकदा म्हणून बघा, ‘तीन लाख ऐंशी हजारांतून तुमचे साडेअठरा हजार कापून घ्या आणि उरलेले मला द्या.’ खरं गिऱ्हाईक हाताशी असलेल्या दलालाला यात काही अडचण नसते. हा मात्र लगेच ‘सिस्टीममध्ये तसं होत नाही’ म्हणेल. साडेअठरा भरलेत की मग टीडीएस निघेल, त्यानंतर स्टॅम्प ड्युटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचा क्लिअरन्स’. दर वेळी रक्कम अशी असते की आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. तुमचा मेंबरशिप नंबर त्याला ठाऊक होता म्हणून तो कंपनीचा माणूस ठरत नाही. मेंबरांच्या याद्या बाजारात फिरत असतात, आणि त्या याद्यांवर तुमच्यासारखी घाईला आलेली माणसंच शोधली जातात.

हा धंदा जगभर चालतो. मेक्सिकोत तर एका ड्रग कार्टेलने प्वेर्तो व्हायार्ता भागातल्या टाइमशेअरच्या अमेरिकन मालकांना असंच ‘गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणून लुबाडलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्यातल्या लोकांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातले. युरोपियन युनियनच्या २००८ च्या नियमांनुसार टाइमशेअर विकून देणाऱ्या मध्यस्थाला व्यवहार प्रत्यक्ष पुरा होईपर्यंत आगाऊ पैसे घेताच येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे हा नियम आपला आपणच पाळायचा. कुणी याआधीच पैसे भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही ‘विकायची आहे’ म्हणताय, पण विकण्यासारखं तुमच्या हातात नेमकं काय आहे ते पाहू. ही मिळकत नव्हे. तुमच्या नावाचा सातबारा नाही, दुय्यम निबंधकाकडे झालेली नोंदणी नाही. २०४३ पर्यंत दर वर्षी सात रात्री राहण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काच्या शेपटाला दर वर्षी शुल्क भरण्याची जबाबदारी बांधलेली आहे. घेणारा हक्क घेतो तेव्हा ती जबाबदारीही घेतो. म्हणून सव्वाचार लाखांवरून खाली मोजत येऊ नका. त्या आकड्यात कंपनीचा नफा होता, मॉलमध्ये कूपन भरून घेणाऱ्या पोराचा पगार होता, तुम्हा दोघांना जेवायला बोलावून तीन तास बसवणाऱ्या सेल्समनचं कमिशन होतं. ते पैसे गेले.

घेणाऱ्याच्या बाजूने हिशेब करू. १९,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे वर्षाला २२,४२० रुपये. भागिले सात, म्हणजे रात्रीला साधारण ३,२०० रुपये. तुम्ही मेंबरशिप अगदी फुकट दिलीत तरी त्याला एक रात्र ३,२०० ला पडते, जेवण वेगळं. तशाच खोलीला तुमच्या सीझनमध्ये, म्हणजे तुमच्या मेंबरशिपवर ज्या काळात जाता येतं त्या काळात, बाहेर ४,५०० पडतात असं धरू (हा आकडा तुम्ही बुकिंगच्या अ‍ॅपवर स्वतः पाहून घाला, माझा उदाहरणादाखल आहे). त्याची रात्रीमागे बचत १,३००, वर्षाची ९,१००. २०४३ पर्यंत उरलेल्या सतरा वर्षांची कागदावर दीड लाखाच्या वर जाते, पण सतरा वर्षांची बचत आज रोख मोजून देणारा भेटत नाही. शुल्क वाढणार, हवी ती तारीख मिळणार नाही, सतरा वर्षांत त्याच्याही घरी काहीतरी होणार. शहाणा माणूस चार-पाच वर्षांच्या बचतीइतके देईल, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार. शिल्लक अकरा रात्री नव्या नावावर जात असतील तर थोडे वर. लगेच विकायचं म्हटलं की भाव याच पट्ट्यात येतो. पाहिजे तर दोन वर्षं थांबून जास्त मागा, पण त्या दोन वर्षांचं शुल्कच ४४,८४० होतं.

हा आकडा वाचून वाईट वाटेल, म्हणून त्याच हिशेबाची दुसरी बाजू लगेच सांगते. २२,४२० गुणिले सतरा म्हणजे ३ लाख ८१ हजार १४०. शुल्क एक रुपयाही वाढलं नाही असं धरून. या मेंबरशिपमधून आजच्या आज एक पैसा न घेता बाहेर पडलात तरी इतके पैसे तुमच्या घरात राहतात. तुमचा खरा फायदा सुटण्यात आहे, विक्रीची किंमत त्यावरचं वरकड. तेव्हा ‘लवकर’ म्हणजे किती, तर पुढचं वार्षिक बिल लागायच्या आत.

पहिलं गिऱ्हाईक कंपनीच. करार काढा, ती जाडजूड फाइल, आणि त्यात ‘कॅन्सलेशन’, ‘सरेंडर’, ‘ट्रान्स्फर’ ही कलमं शोधा. सुरुवातीच्या काही दिवसांत पैसे परत घेऊन बाहेर पडायची सोय असते, ती तुमच्या बाबतीत केव्हाच संपली. पण काही करारांत भरलेल्या रकमेचे दोन भाग केलेले असतात. एक प्रवेश शुल्क, ते कधीच परत मिळत नाही. दुसरा वापराच्या हक्काचा भाग, तो पंचवीस वर्षांवर वाटलेला असतो आणि न वापरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. समजा तुमच्या करारात हा दुसरा भाग चाळीस टक्के आहे. मग सव्वाचार लाखांचे १ लाख ७० हजार, त्यातली सतरा वर्षं बाकी, म्हणजे १ लाख १५ हजार ६००. त्यातून थकलेलं शुल्क आणि कंपनीच्या कपाती जातील. तरीही बाहेरच्या गिऱ्हाइकापेक्षा हे जास्त होऊ शकतं. असं कलम नसेल तर नाही, पण ते न पाहता चाळीस हजारांत विकून मोकळं होऊ नका.

कंपनीला फोन करू नका. फोनवर तुम्हाला अपग्रेड करा म्हणतील, ‘मॅडम, दहा हजार भरून पॉइंट्सच्या स्कीममध्ये या, ती विकायला सोपी’ म्हणतील. या वाटेने लोक आणखी आत जातात. ईमेल करा, आणि तीच प्रत स्पीड पोस्टाने नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. मजकूर असा ठेवा:

‘आमचा मेंबरशिप क्रमांक अमुक. पतीला पक्षाघात झाल्याने आम्ही ही मेंबरशिप पुढे चालवू शकत नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. कृपया पंधरा दिवसांत लेखी कळवावे: आजची एकूण थकबाकी व्याजासह, शिल्लक वर्षे व शिल्लक रात्री, सरेंडर केल्यास परत मिळणारी रक्कम व ती कोणत्या कलमानुसार काढली, ट्रान्स्फर फी रक्ताच्या नातेवाइकासाठी किती व इतरांसाठी किती, शिल्लक रात्री नव्या सदस्याकडे जातात का. वैद्यकीय कारणास्तव यंदाचे शुल्क माफ करावे अशी विनंती.’

शेवटची विनंती मान्य होईलच असं नाही. पण मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही, आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर हे पत्र तारखेसह तुमच्या फाइलला लागतं. एक करू नका: कंटाळून शुल्क भरणं नुसतं सोडून देऊ नका. खातं गोठतं, व्याज चढतं, आणि थकबाकी असलेली मेंबरशिप ना ट्रान्स्फर होते ना सरळपणे सरेंडर. तुमचे हप्ते फिटले हे फार बरं झालं. ज्यांचे चालू आहेत त्यांना एवढंच सांगते, की नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची बँकेला दिलेली परवानगी) पैशांअभावी परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमाखाली चेक बाऊन्ससारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते. बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर सिबिलवर डाग पडतो तो निराळाच.

कंपनीकडून काही मिळत नसेल किंवा फार थोडं मिळत असेल, तर बाहेरचं गिऱ्हाईक. सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे त्याच कंपनीचा जुना मेंबर, ज्याला सात रात्री पुरत नाहीत. त्याला बुकिंग कसं मिळतं, कुठलं रिसॉर्ट बरं, हे सगळं माहीत असतं, त्यामुळे समजावत बसावं लागत नाही. त्याखालोखाल नुकतं निवृत्त झालेलं जोडपं, ज्याला मे महिना आणि दिवाळी सोडून कधीही जाता येतं. शाळकरी मुलांचे आईबाप घेऊ पाहतील तर तुमचा सीझन कोणता ते आधी सांगा, नाहीतर सुट्टीत बुकिंग मिळालं नाही की तुमच्याच दारात येतील. मेंबरांचे ग्रुप, सोसायटी, ह्यांच्या जुन्या ऑफिसातली मंडळी इथे चार ओळी टाका: ‘वन बेडरूम, अमुक सीझन, २०४३ पर्यंत, शिल्लक ११ रात्री, वार्षिक शुल्क जीएसटीसह २२,४२०, ट्रान्स्फर फी घेणाऱ्याकडे, अपेक्षा ५०,०००.’ शुल्काचा आकडा लपवू नका. तो कळला की निम्मे लोक गळतील, उरतील ते कामाचे.

व्यवहाराच्या वेळी पासवर्ड किंवा ओटीपी कुणाला द्यायचा नाही. ‘आधी बुकिंग करून बघतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. थोडा टोकन बँकेतून घ्या, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर साधा करार करा, आणि त्यात थकबाकी कोण भरणार, ट्रान्स्फर फी कोण भरणार आणि कंपनीने ट्रान्स्फर नाकारली तर टोकन परत, या तीन गोष्टी असू द्या. बाकीची रक्कम ट्रान्स्फरच्या कागदांवर सही करताना. कंपनीकडून नव्या नावाचं पत्र आणि तुमच्या नावे ‘येणे बाकी नाही’ असा दाखला हातात पडेपर्यंत फाइल बंद करू नका.

आता व्याह्यांचं. त्यांना देण्यात काही वावगं नाही, फक्त एक लाखात देऊ नका. वर जो हिशेब केला तो एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, ‘भाऊ, याची किंमत एवढीच होते. वर्षाला साडेबावीस हजार तुम्हाला भरावे लागतील, तेही वाढत जातील.’ हे ऐकून ते मागे सरले तर तुमचं काही गेलं नाही. पुढे तीन वर्षांनी शुल्क वाढलं, दिवाळीत गोवा मिळालं नाही, आणि ‘विहीणबाईंनी आपली अडचण आमच्या गळ्यात घातली’ असं लेकीला ऐकावं लागलं, तर त्याची भरपाई कुठल्या लाखाने होणार? कदाचित त्यांना रिसॉर्ट नकोच आहे. तुम्ही हात पुढे करणार नाही हे ओळखून मदत करायचा हा त्यांचा मार्ग असेल. तसं असेल तर मदत मदत म्हणून घ्या. पंचेचाळीस हजार मेंबरशिपचे, आणि वरचे उसने, परत करायची मुदत लिहून. दोन्ही एका रकमेत मिसळू नका. कंपनीच्या लेखी व्याही रक्ताच्या नात्यात बसत नाहीत, लेक बसते. म्हणून ट्रान्स्फर फीमध्ये मोठा फरक असेल तर मेंबरशिप लेकीच्या नावे करायची का, तेही त्यांच्याशी बोला. मात्र मग शुल्काचं बिल लेकीच्या नावाने येणार, हे तिला आणि जावयांना आधी सांगून.

पॅनकार्ड क्लबची धास्ती तुमच्या बाबतीत लागू नाही. तिथे खोल्यांच्या रात्री हे नाव होतं, लोक पैसे ठेवत होते ते वाढून परत मिळतील म्हणून. सेबीने ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून २०१४ मध्ये नवे पैसे घ्यायला बंदी केली आणि २०१६ मध्ये ते परत करायचा आदेश दिला. तुम्हाला कुणी परताव्याचं वचन दिलेलं नाही, तुम्ही सुट्ट्या घेतल्यात आणि त्यातल्या काही उपभोगल्यातही. दिरांना मात्र त्यांच्या पावत्या जपून ठेवायला सांगा.

कंपनीने उत्तरच दिलं नाही किंवा करारातलं कलम डावललं, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारींना बऱ्याचदा उत्तर देतात, कारण तिथून फाइल पुढे जाते हे त्यांना ठाऊक असतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. करारात ‘वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात’ किंवा ‘लवादाकडे’ असं छापलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. लवादाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच निकाल दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, त्यामुळे २०१८ मध्ये सेल्समनने काय काय थापा मारल्या यावर आज दावा उभा करणं अवघड आहे. तुमचा मुद्दा आजचा ठेवा: पत्र दिलं, उत्तर नाही, कलम आहे, परतावा नाही. आणि हे सगळं शेवटचं. आयोगात वेळ जातो, आणि तुम्हाला आत्ता वेळ नाही.

राहता राहिले तुमचे यजमान, आणि तिथे सगळ्यात नाजूक काम आहे. मेंबरशिप त्यांच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीशिवाय काहीच हलत नाही. उजवा हात चालत नाही, डाव्याने केलेली सही जुनीशी जुळणार नाही. भान शाबूत असेल तर डाव्या हाताचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार आणि ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असं डॉक्टरांचं पत्र सोबत. त्यापेक्षा तुमच्या नावे एक नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रच करून घ्या. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक अर्ज केल्यावर घरी येऊन नोंदणी करू शकतात. नोंदणी कायद्याच्या ३१ व्या कलमात तशी सोय आहे. बँक, विमा, पीएफ, सगळीकडे ते उपयोगी पडेल. कंपनी त्याची कोणती प्रत मागते तेवढं वरच्या ईमेलमध्ये विचारून ठेवा.

पण अंगठा घ्यायच्या आधी त्यांच्याशी बोलायला हवं, आणि ‘आता आपलं जाणं होणार नाही’ असं म्हणून नव्हे. ते चिडतात कारण मेंबरशिप विकणं म्हणजे ‘हा आता उठत नाही’ असं घराने ठरवल्यासारखं त्यांना वाटत असणार. त्यांच्यापुढे आकडे ठेवा. आयुष्यभर घराचा हिशेब त्यांनीच पाहिला असेल तर या कागदावरचा गुणाकारही त्यांनाच करू द्या. साडेबावीस हजारांत वर्षाकाठी त्र्यंबकेश्वर-सप्तशृंगी सोडा, कोकणात चार दिवस तळमजल्यावरची, रॅम्प असलेली, बाथरूममध्ये धरायला दांडा असलेली खोली मिळते. हव्या त्या आठवड्यात, आणि ज्या वर्षी जमलं नाही त्या वर्षी बिल नाही. तुमच्या रिसॉर्टची यादी काढून त्यातल्या किती ठिकाणी व्हीलचेअर खोलीपर्यंत जाते ते फोन करून त्यांनाच विचारू द्या. टेकडीवरच्या कॉटेजेसमध्ये पायऱ्याच पायऱ्या असतात. त्या अकरा रात्रींपैकी तीन-चार, थकबाकी भरणं भाग पडलंच तर, ट्रान्स्फरच्या आधी जवळच्या एखाद्या ठिकाणी वापरून घ्या. फिजिओथेरपिस्टला विचारून, लेक-जावई बरोबर घेऊन.

कंपनीचं उत्तर आलं की ते आणि करारातलं सरेंडरचं कलम, दोन्हींचे फोटो मला पाठवा. मेंबरशिप क्रमांक झाकून. आकडा कसा काढलाय ते पाहून पुढचं कळवते.